पत्र्याखालचा पिवळा कापूस

होळी झाली की आमच्या बाह्यरुग्ण विभागात दोन तक्रारी वाढतात. एक उन्हाची आणि दुसरी खाजेची. उन्हाची कारणे सांगायला नकोत. खाजेची बहुतेक कारणेही जुनीच असतात: घामोळे, गजकर्ण, खरूज. पण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात एका वेगळ्या खाजेची नोंद ठेवायला हवी, कारण तिचे औषध दुकानात मिळत नाही.

चिखलीजवळच्या एका पत्र्याच्या चाळीतले कुटुंब आले होते. नवरा, बायको आणि दोन मुले. चौघांनाही खाज. एकाच घरातले सगळे खाजवत असतील तर डॉक्टरच्या मनात पहिले नाव खरजेचेच येते आणि ते बरोबरही असते. त्यामुळे आधीच्या दवाखान्यात त्यांना खरजेचे मलम दिलेले होते. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्रभर लावायचे, सकाळी आंघोळ, आठवड्याने पुन्हा. सगळे नेमाने करून झाले होते. अंथरुणे उकळली होती, सतरंज्या उन्हात टाकल्या होती-नव्हती तेवढ्या सगळ्या. खाज तशीच.

तपासताना बोटांच्या बेचक्या स्वच्छ होत्या, बेंबीच्या आसपास काही नव्हते. खरजेचा किडा त्वचेत जे बारीक बीळ करतो, तेही कुठे दिसेना. बारीक लाल ठिपके होते ते हाताच्या कोपराखालच्या भागावर, मानेवर आणि कमरेला जिथे कपड्याची कड घासते तिथे. बाई म्हणाली, “गावाला गेलो की दोन दिवसांत कमी होतं, सर. इथं आलो की परत सुरू.” या एका वाक्यात निम्मे निदान होते. खरूज माणसाबरोबर गावाला जाते. ही खाज घरातच राहत होती.

घरात नवीन काय केले, असे विचारल्यावर नवऱ्याने सांगितले. तो जनरेटरच्या कॅनॉपी बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात फिटर. आवाज बाहेर येऊ नये म्हणून त्या पेटीला आतून पिवळ्या कापसाचे जाड थर लावतात. उरलेले तुकडे त्याने घरी आणले, तारेने पत्र्याखाली बांधले आणि खालून बायकोच्या जुन्या साड्या ताणून छत केले. घर खरोखरच थोडे गार झाले होते. त्यांना आम्ही उशीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून आणायला सांगितली. सूक्ष्मदर्शकाखाली ती ठेवली तर सरळ, चकाकत्या, काचेच्या काड्या दिसल्या.

मला त्या फिटरचे कौतुक वाटले. त्याचे शास्त्र बरोबर होते, फक्त साडी चुकली होती. ज्या कापसाने घर गार होते तोच अंगावर पडला की खाजतो, आणि साडीच्या विणीतून तो पंख्याच्या प्रत्येक झोताबरोबर झिरपत राहतो.

दिवसा झोपणाऱ्यांचे घर

त्याने हा उद्योग का केला, ते आधी पाहू. कारण खाजेचा प्रश्न लहान आहे आणि त्याने सोडवायला घेतलेला प्रश्न मोठा.

चाकण औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूला, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे या गावांत शेताच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत. भोसरी-चिखलीकडेही तेच. विटांच्या चार भिंती, वर लोखंडी किंवा सिमेंटचा पत्रा, एक खिडकी. काही ठिकाणी खोली नाही, कॉट भाड्याने मिळते. एकाच कॉटवर फर्स्ट शिफ्टवाला रात्री झोपतो आणि थर्ड शिफ्टवाला दिवसा.

लोखंडी पत्रा पातळ असतो. सूर्य मावळला की तासाभरात तो निवतो आणि निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडून देतो. एप्रिलमधल्या पुण्याच्या रात्री अजून तरी बऱ्याचदा सुसह्य असतात, त्यामुळे रात्री झोपणाऱ्याला पत्रा तितका जाचत नाही. स्लॅबच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचे उलट असते. दिवसभर तापलेला काँक्रीटचा थर मध्यरात्रीपर्यंत खाली ऊब सोडत राहतो. पण थर्ड शिफ्ट करून सकाळी आठला आडव्या झालेल्या माणसाची झोप नेमकी पत्र्याच्या सर्वांत वाईट तासांत पडते. दुपारी उघड्या पत्र्याचे तापमान ६० अंशांपुढे सहज जाते. तो पत्रा डोक्यापासून सात-आठ फुटांवर असतो आणि शेगडीसारखा खाली उष्णता फेकतो. ही उष्णता हवेतून वाहत येत नाही, थेट अंगावर येते. म्हणून पंखा लावूनही डोके तापते. हवाच ४० अंशांच्या पुढे गेली तर पंख्याचा उपयोग उरत नाही, उलट तो अंगावर गरम हवा मारतो. जागतिक आरोग्य संघटनाही पंख्याचा सल्ला ४० अंशांच्या आतच देते. २०१९ च्या एप्रिलअखेर पुण्यात हवेचे तापमान ४३ अंशांना पोहोचले होते. ते सावलीतले तापमान. पत्र्याखालच्या खोलीत त्या दिवशी काय असेल याचा अंदाज करा.

अशा खोलीत सहा तास काढलेला माणूस झोपलेला नसतो, नुसता पडलेला असतो. संध्याकाळी उठतो तेव्हा डोके जड, तोंड कोरडे, लघवी गडद पिवळी. रात्री पुन्हा प्रेसवर उभा राहतो. बोटे चेंगरून आलेल्या कामगाराला आम्ही शिफ्ट विचारतो, मशिनला गार्ड होता का विचारतो. काल दिवसा झोप किती झाली आणि कुठल्या छताखाली, हे सहसा कोणी विचारत नाही. अपघाताचा सगळा दोष झोपेवर टाकणे चूक ठरेल, गार्ड नसलेले मशीन ताज्यातवान्या माणसाचेही बोट घेते. पण अपुरी झोप हात मंद करते यात शंका नाही.

इथे खाजेच्या गोळ्यांबद्दलही सांगून टाकतो. खाजेवरच्या जुन्या, स्वस्त गोळ्यांनी झोप येते. मशीनवर जाणाऱ्याने त्या घेऊन कामावर उभे राहणे धोक्याचे. त्यातल्या काहींमुळे घामही कमी येतो आणि पत्र्याखालच्या उकाड्यात घाम हेच शरीराचे एकमेव गारवा यंत्र असते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचेही तेच. गोळी मनाने बंद करू नका, पण एप्रिल-मेमध्ये मात्रा एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या.

गंमत अशी की या पट्ट्यातल्या नव्या कारखान्यांच्या शेडमध्ये वर पाहिले तर पत्र्याखाली चांदीसारखा चकाकता थर दिसतो. तोच ग्लासवूल, वर फॉइल लावलेला. मशीन तापू नये, मापे बिघडू नयेत म्हणून. मशीनच्या डोक्यावर ग्लासवूल आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर उघडा पत्रा. फिटरने तो अन्याय आपल्यापुरता दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता.

काच खाजते कशी

ग्लासवूल म्हणजे काचेचा कापूस. जत्रेत म्हातारीचे केस करणारे यंत्र आठवा. वितळलेली साखर फिरत्या भांड्याच्या भोकांतून बाहेर फेकली जाते आणि हवेत तिचे तंतू होतात. काचेचेही तसेच करतात. १९३०च्या दशकात अमेरिकेत ओहायो राज्यात हे तंत्र बाजारात आले. तंतूंवर चिकटवणारी राळ फवारून त्यांची गादी करतात. पिवळा रंग बहुधा त्या राळेचा. उष्णता अडवण्याचे काम काच करत नाही, तंतूंच्या मध्ये अडकलेली हवा करते. म्हणून हा कापूस दाबून, ठासून भरला तर हवा निघून जाते आणि उपयोग कमी होतो. स्वेटर आणि रजई यांचा नियमच इथे लागू आहे. नीट फुगवून लावलेल्या थरातून उष्णता लोखंडापेक्षा हजारपट कमी वेगाने जाते.

त्याची खाज ही ॲलर्जी नसते. साधारण ५ मायक्रॉन आणि त्याहून जाड तंतू त्वचेच्या वरच्या थरात कुसळासारखे रुततात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे हे कुसळ केसापेक्षा कितीतरी बारीक. ज्वारीच्या कणसात काम केलेल्या माणसाला ही खाज सांगावी लागत नाही. घाम, घासणारा कपडा आणि खाजवणे यांनी ती वाढते. खाजवून जखम झाली की जंतू शिरतात आणि मग पू होतो. रोज हे काम करणाऱ्यांपैकी अनेकांची त्वचा काही आठवड्यांत सरावते, नव्या पोराला मात्र पहिला आठवडा नको होतो. डोळ्यांत गेला तर डोळे चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा. घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो, दम्याच्या रुग्णाला त्रास जास्त होतो.

उपायही कुसळासारखेच. आधी नुसत्या थंड पाण्याने अंग धुऊन काढायचे, चोळायचे नाही. मग साबण. टॉवेलने खसाखसा पुसायचे नाही. त्वचेवर चिकटपट्टी हलके लावून ओढली की बरेच तंतू निघतात. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते कपड्यांकडे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुतले की तंतू सगळ्यांच्या कपड्यांत जातात. कारखान्यात पाय न ठेवलेल्या बाळाच्या झबल्यात ते सापडू शकतात. कामाचे कपडे वेगळे धुवा आणि नंतर बादली किंवा मशीन रिकाम्या पाण्याने एकदा फिरवून काढा.

खरजेत आणि या खाजेत घोटाळा झाला तर नुकसान दोन्हीकडून होते. खरूज असताना “कापसाची खाज असेल” म्हणून सोडून दिली तर ती चाळभर पसरते. खाज रात्री फार वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, जांघेत असेल आणि घर सोडून गेल्यावरही थांबत नसेल तर ती आधी खरूज समजावी.

तीन कापूस, तीन धोके

खाज थांबल्यावर लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “सर, याने कॅन्सर होतो म्हणतात.”

ही भीती आकाशातून पडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये ग्लासवूलला “कर्करोगकारक असण्याची शक्यता” या गटात टाकले होते. पुढे युरोप-अमेरिकेत हा कापूस तयार करणाऱ्या हजारो कामगारांची वर्षानुवर्षांची माहिती जमा झाली. २००१ मध्ये त्याच संस्थेने पुन्हा विचार करून घरे-इमारतींत वापरायच्या ग्लासवूलला त्या गटातून बाहेर काढले. आता तो तिसऱ्या गटात आहे. याचा अर्थ “पूर्ण निर्धोक सिद्ध झाला” असा नव्हे. मानवात कर्करोग होतो असे म्हणायला पुरेसा आधार नाही, इतकाच अर्थ. यामागचे शास्त्र समजायला सोपे आहे. खाजवणारे जाड तंतू फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतच नाहीत. ३ मायक्रॉनहून बारीक असलेलेच तिथवर जातात. आणि तिथे गेलेली ही काच शरीरातल्या द्रवात हळूहळू विरघळते, आडवी तुटून तिचे तुकडे होतात आणि पेशी ते साफ करतात.

ॲस्बेस्टॉसचे तसे होत नाही. तो मातीतून निघणारा खनिज तंतू. तो उभा चिरत जातो आणि आणखी बारीक होतो. त्याचे सर्व प्रकार मानवात निश्चितपणे कर्करोगकारक आहेत, याबद्दल आता वाद उरलेला नाही. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि फुप्फुस घट्ट करणारा ॲस्बेस्टॉसिस हे त्याचे तीन रोग. मेसोथेलिओमा दिसायला तंतू आत गेल्यापासून तीस-चाळीस वर्षे लागू शकतात. म्हणून १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवायला सांगितले. न्यायाधीशांनी रोगाचे घड्याळ ओळखले होते.

आता गंमत पाहा. पिवळ्या कापसाला घाबरणारा माणूस बहुतेकदा ॲस्बेस्टॉसच्या खाली बसून ही भीती बोलून दाखवत असतो. आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्या करड्या नालीदार पत्र्यांत अनेकदा वजनाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉस असतो. तो लोखंडापेक्षा कमी तापतो, गंजत नाही, पावसाचा आवाज कमी करतो, म्हणून गरिबाच्या घरावर तोच चढला. साठहून अधिक देशांत ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. अमेरिकेनेही २०२४ मध्ये तिथे वापरात उरलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली. आपण तो आयात करतो आणि त्याचे पत्रे बनवतो.

घाबरून पत्रे फोडायला जाऊ नका, हे मात्र मी मुद्दाम सांगतो. अखंड, न फुटलेल्या पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट धरलेले असतात. धोका तेव्हा वाढतो जेव्हा आपण त्याला ड्रिल मारतो, करवतीने कापतो, तारेच्या ब्रशने घासतो किंवा फुटलेले तुकडे झाडूने लोटतो. पत्र्याखाली कापूस बसवण्यासाठी सिमेंटच्या पत्र्यालाच खिळे-स्क्रू मारणे म्हणजे साधी खाज टाळताना वाघाच्या तोंडात हात घालणे. आधार घ्यायचा तो खालच्या लोखंडी पाइपचा किंवा अँगलचा.

तिसरा कापूस पांढरा. हीट ट्रीटमेंटच्या आणि फोर्जिंगच्या भट्ट्यांना आतून पांढऱ्या मऊ ब्लँकेटचे अस्तर असते. त्याला सिरॅमिक फायबर म्हणतात. दिसायला तो पिवळ्यापेक्षा छान, हाताला मऊ आणि खाजतोही कमी, कारण त्याचे तंतू बारीक असतात. नेमके म्हणूनच ते फुप्फुसात खोल जातात आणि काचेइतक्या लवकर विरघळत नाहीत. कर्करोग संस्थेने ग्लासवूलला गटातून काढताना यांना “शक्यता” गटातच ठेवले. शिवाय हा कापूस हजार अंशांच्या पुढे बराच काळ भाजला की त्यातून स्फटिकी सिलिका तयार होते. म्हणजे खाणीतल्या आणि दगड फोडणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस करणारा पदार्थ. भट्टीतून काढलेला जुना, ठिसूळ, पांढरा ब्लँकेट भंगारात मिळाला म्हणून तो घरात आणू नये. चुलीभोवती, पत्र्याखाली, इस्त्रीच्या टेबलावर, कुठेही नाही. न खाजणारा कापूस सुरक्षित, हा समज इथे सपशेल उलटा ठरतो.

मग पत्र्याचे करायचे काय

सर्वांत स्वस्त उपाय पत्र्याच्या खाली नसून वर आहे. पांढरा रंग. ऊन आत शिरल्यावर अडवण्यापेक्षा पत्र्यावरूनच परत पाठवणे सोपे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढायचा आराखडा केला आणि पुढे त्यात झोपडपट्ट्यांची छपरे पांढरी करण्याचे कामही आले. उन्हाळा आपल्या पट्ट्यातही येतोच. चुन्याचा हात पहिल्या पावसात धुऊन जातो, दर वर्षी द्यावा लागतो. छपरासाठीचे परावर्तक रंग काही वर्षे टिकतात.

पण वर चढताना सांभाळा. दर मे-जूनमध्ये गळती काढायला चढलेला कोणी ना कोणी सिमेंटच्या पत्र्यातून थेट खाली येतो आणि आमच्याकडे मोडलेला कणा किंवा फुटलेले डोके घेऊन पोहोचतो. तो पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, जुना झाल्यावर तर नाहीच. खालच्या पाइपांवर टेकणारी फळी टाकून तिच्यावरूनच चाला आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर कोरडे घासकाम करू नका.

रंगानंतरही भागत नसेल, किंवा घरात दिवसा झोपणारा कोणी असेल, तर ग्लासवूल जरूर लावा. मी त्याच्या विरोधात नाही, उघड्या ग्लासवूलच्या विरोधात आहे. भंगारातले तुकडे न आणता फॉइल लावलेला, साधारण ५० मिलिमीटरचा नवा थर घ्या. चकाकती बाजू खोलीकडे, मध्ये थोडी हवेची जागा आणि खाली जिप्समच्या बोर्डाचे बंद छत. सांधे फॉइलच्या पट्टीने बंद. साडी, गोणपाट, जुने फ्लेक्स यांतले काहीही चालणार नाही. थर्माकोल स्वस्त आहे, खाजत नाही, पण आग लागली की तो वितळून जळतो आणि काळा विषारी धूर सोडतो. एका दाराच्या खोलीत, जिथे तीन फुटांवर गॅस पेटतो, तिथे तो डोक्यावर नको. काच जळत नाही. तिच्यामधून वायर नेताना मात्र ती पाइपातून न्या. कापसात गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि तिचे आवरण वितळते.

काम करताना मुलांना नातेवाइकांकडे पाठवा. पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, हातमोजे, डोळ्यांना गॉगल, तोंडाला एन-९५ मास्क. नाकाला बांधलेला रुमाल यात मोजत नाही. कापताना पाण्याचा हलका फवारा मारा आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हा कापूस वेगळ्या कारणाने ओळखीचा आहे. तिथल्या घरांना तळघर असते आणि थंडी बाहेर ठेवण्यासाठी त्याच्या भिंतींत हाच कापूस भरतात. रविवारी हौसेने स्वतः भरायला घेणारे सोमवारी हात खाजवत ऑफिसला जातात. त्यांचा खरा शत्रू मात्र ओल असते. थंड भिंतीवर घरातली वाफ गोठून पाणी होते, कापूस भिजतो आणि त्याच्यामागे बुरशी धरते. आपल्याकडे तळघर नाही, पण जुलैमधल्या पहाटे गार पत्र्याखाली भाताच्या कुकरची वाफ गेली की पत्रा असाच पाझरतो. भिजलेल्या कापसात हवेच्या जागी पाणी बसते, तो उष्णता अडवत नाही आणि वर्षभर कुबट वास देतो. त्या वासाच्या खोलीत दम्याच्या मुलाचा खोकला थांबत नाही. म्हणून आधी गळती काढायची, कापूस नंतर. काम मार्चमध्ये करावे, पत्रा कोरडा असताना. भिंतीच्या वरच्या कडेला समोरासमोर दोन झरोके ठेवायचे, म्हणजे वाफ आणि दिवसभराची गरम हवा दोन्ही बाहेर जातात. खोलीचा मालक झरोके पाडायला नाही म्हणतो, हा अनुभव बहुतेकांचा आहे. भाडे घेणाऱ्याला पत्रा तापत नाही. या पट्ट्यातल्या कंपन्यांनी ठेकेदाराला मजुरांच्या खोल्यांबद्दल दोन अटी घातल्या तर मालकही ऐकेल, असे माझे मत आहे. शेडला लागणाऱ्या ग्लासवूलच्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ ठरेल.

दवाखान्यात येताना एक करा. “कंपनीत आहे” एवढे सांगून थांबू नका. कंपनीचे नाव आम्हाला उपयोगी नसते. तुम्ही काय कापता, काय भरता, कोणत्या रंगाचा कापूस हाताळता, भट्टीच्या आत उतरता का, हे सांगा. शिफ्ट कुठली आणि झोपता कुठे, हेही सांगा. गोणीवरचे किंवा रोलवरचे छापील लेबल फोनमध्ये टिपून आणा. ग्लासवूल, रॉकवूल की सिरॅमिक फायबर, ते त्यावर लिहिलेले असते आणि छातीचा फोटो काढायचा की नुसते मलम द्यायचे, हे ठरवायला आम्हाला त्याची मोठी मदत होते.